‘माहिती निरंक आहे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे : गल्लीतल्या रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका माहिती अधिकारात मागितली, तर एका नगरपालिकेकडून ‘आपण मागितलेली माहिती निरंक आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं. याचा अर्थ माहिती नाही, की द्यायची नाही?

शब्द सरळ आहे. निर् + अंक. निरंतर, निरंकुश यांच्याच घडणीचा. ज्या रकान्यात लिहायला आकडा नाही, तो निरंक. सरकारी कचेरीत तो उठता-बसता वापरतात. वरून विहित नमुना येतो : प्राप्त अर्ज, निकाली, प्रलंबित. खाली सूचना असते, ‘माहिती निरंक असल्यास तसा अहवाल सादर करावा.’ हे मला पटतं. रकाना कोरा दिसला तर तो भरायचा राहिला की खरंच काही नव्हतं, हे कळायला मार्ग नसतो. निरंक लिहिलं म्हणजे कुणीतरी पाहिलं, मोजलं आणि शून्य आलं.

म्हणून ‘गेल्या वर्षी किती ठेकेदारांना दंड केला?’ याला निरंक हे चोख उत्तर आहे (वाचून वाईट वाटेल, ते वेगळं). पण पुस्तिकेची प्रत निरंक कशी असेल? पुस्तिका एक तर असते, नाही तर नसते. त्यातही ही एम.बी. (मेजरमेंट बुक, म्हणजे मोजमाप पुस्तिकाच) कामाचा कणा. अभियंता तिच्यात लांबी, रुंदी, जाडी नोंदवतो आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. निरंक शब्दशः घेतला तर रस्ता मोजलाच गेला नाही. उत्तर लिहिणाऱ्याला बहुधा हे म्हणायचं नसावं. त्याने हाताशी असलेला शब्द ठोकून दिला.

खरं तर इथे वेगवेगळी उत्तरं संभवतात आणि प्रत्येकाचा परिणाम निराळा. ‘अभिलेख आढळून येत नाही’ म्हटलं की तो गेला कुठे, हा प्रश्न उभा राहतो. तो नियम डावलून नष्ट केला असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘नाशन केले’ म्हटलं तर नाशनाची नोंद आणि आदेश दाखवावा लागतो. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा. माहिती नाकारायची असेल तर कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील, तिन्ही लिहून द्यावं लागतं. निरंक म्हटलं की यातलं काहीच लिहावं लागत नाही. शब्दाचा हा फायदा कचेऱ्यांना चांगला ठाऊक आहे.

तेव्हा उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करा आणि त्यात नेमकं विचारा : पुस्तिका अस्तित्वात नाही, सापडत नाही, नष्ट केली की नाकारली? सोबत कलम २(ञ) खाली त्या कामाच्या संपूर्ण नस्तीचं (म्हणजे फायलीचं) अवलोकन मागा. ‘नस्ती’ लिहायला विसरू नका. नुसतं ‘माहिती’ लिहिलंत तर पुन्हा निरंक यायची शक्यता दांडगी.