काळ्या अळीवरचे नारिंगी ठिपके

प्रश्न : गुलाबाच्या शेंड्यावर मावा पडला आहे. त्यातच काळसर, खरबरीत अंगाच्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरताना दिसल्या. विषारी वाटल्या म्हणून चार-पाच चिरडल्या. उरलेल्यांचे काय करू? आणि त्या शिकारी असतील तर इतका भडक रंग कसा? शिकाऱ्याने लपायला नको का?
– एक वाचक

उत्तर : उरलेल्यांना हात लावू नका, हे आधी सांगते. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या अळ्या आहेत आणि तुमचा मावाच खात आहेत. आईबापांशी काडीचेही साम्य नसल्यामुळे त्या अशा हकनाक मरतात, याचे मला फार वाईट वाटते.

लपावे लागते ते पळणाऱ्या सावजापासून. मावा सोंड खुपसून जागच्या जागी रस पीत असतो. अळीला धास्ती असते ती पक्ष्यांची, आणि ठिपके आहेत तेही त्यांच्यासाठीच. मी एकदा अशी अळी बशीत घेऊन मऊ कुंचल्याने हलकेच दाबली. पाठीवर पिवळा थेंब उभा राहिला. बोटाला लागलेला त्याचा उग्र वास धुऊनही लवकर जाईना. तो थेंब म्हणजे तिचे रक्तच. सात ठिपक्यांच्या ढालकिड्यात त्यात कॉक्सिनेलिन नावाचे कडू रसायन (अल्कलॉइड) असते, आणि ते तो स्वतःच्या शरीरात तयार करतो. एकदा चोच घातलेला पक्षी पुढे तो रंग ओळखून दूर राहतो.

तुमचा प्रश्न डार्विनलाही पडला होता, पाने खाणाऱ्या सुरवंटांबद्दल. अळीच्या वयात जोडीदार शोधायचा नसतो, मग हा साज कुणासाठी? १८६७ मध्ये निसर्गअभ्यासक आल्फ्रेड वॉलेसने त्याला उत्तर सुचवले : हा साज नव्हे, इशारा आहे.

काजव्याची अळी तर मला याहून विलक्षण वाटते. ती गोगलगायी खाते, वावरते रात्री. अंधारात रंग कोण बघणार? म्हणून ती अंगच उजळते. तो उजेडही ‘मी बेचव आहे’ हेच सांगतो.

काही दिवसांत तुमच्या अळ्या पानाला शेपटीकडून चिकटतील आणि त्यांचे कोष होतील. तेही उघड्यावरच, नारिंगी-काळे. धक्का लागला तर कोष झटकन उभा होतो, दचकू नका, खरवडूही नका. त्यातून निघालेला ढालकिडा सुरुवातीला फिकट पिवळा असतो. ठिपके नंतर उमटतात.