काही परंपरावादी कॅथलिक मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) न जाता घरीच का राहतात? त्यांचे संस्कार कसे होतात?

आळस हे कारण नाही, श्रद्धा उडाली असंही नाही. ही मंडळी अडून बसलीत ती अधिकाराच्या एका प्रश्नावर.

1968 मध्ये धर्मगुरुदीक्षेचा विधी बदलला, 1969 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवी मिस्सा आणली. दोन्ही त्यांना अमान्य. बहुतेकांच्या मते 1958 साली बारावे पायस वारले तेव्हापासून पोपची गादी रिकामीच आहे. म्हणजे नेहमीचं चर्च बाद. मग जुनी लॅटिन मिस्सा करणाऱ्या परंपरावादी धर्मगुरूंकडे का जात नाहीत? खरी गोम इथे आहे. त्या धर्मगुरूंना दीक्षा देणारे बिशप बहुधा आर्चबिशप लफेव्र (1988) किंवा आर्चबिशप थुक (1981) यांच्या परंपरेतले, आणि या दोघांनी पोपच्या आज्ञापत्राशिवाय बिशप केले. 1917 च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम 953 नेमकं तेच मना करतं. (1983 मध्ये चर्चने नवा कायदा आणला, पण ही मंडळी जुनाच मानतात. पुढची कलमंही त्यातलीच.) घरी राहणारे विचारतात, दीक्षा खरी असेलही, पण तुम्हाला पाठवलं कोणी? पापक्षमेला तर नुसती दीक्षा पुरतच नाही, अधिकारक्षेत्र, म्हणजे चर्चने नेमून दिलेला अधिकार, लागतं. (हा प्रश्न आपल्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचे धर्मगुरू) आणि प्रोपगंडा (रोमच्या मिशन खात्याने पाठवलेले) याच अधिकारावरून भांडत होते.)

रविवारी घरी जुन्या मिस्सा-पुस्तकातून त्या दिवसाचं बायबलमधलं पत्र आणि शुभवर्तमान वाचतात, जपमाळ म्हणतात आणि आध्यात्मिक कम्युनियनची (ख्रिस्तप्रसाद मनानेच स्वीकारण्याची) प्रार्थना करतात. मिस्सेत धर्मगुरू भाकर-द्राक्षारसावर म्हणतो ते अर्पणाचे शब्द कोणी उच्चारत नाही. ते प्रापंचिकाचं काम नव्हे.

बाप्तिस्मा मात्र गरज पडली तर कोणीही देऊ शकतो, आणि चुका इथेच होतात. साधं पाणी कपाळावर तीनदा ओतायचं आणि ओतता ओतताच म्हणायचं, ‘मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो’. पाणी त्वचेवरून वाहिलं पाहिजे. ओलं बोट टेकवलं किंवा फक्त केस भिजले, तर शंका राहते. एकाने ओतलं आणि दुसऱ्याने शब्द म्हटले, तर बाप्तिस्मा झालाच नाही. आईबापांनी स्वतःच्या लेकराला देऊ नये. मूल मरणाच्या दारात असेल आणि दुसरं कोणी हाताशी नसेल, तेव्हाच त्यांना मुभा आहे (कलम 742). तारीख, देणाऱ्याचं नाव आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत, नाहीतर वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी घोळ होतो.

लग्नाला कलम 1098 आहे. अधिकारी धर्मगुरू महिनाभर तरी मिळणार नाही अशी स्थिती असेल, तर दोन साक्षीदारांसमोर दिलेली संमती वैध ठरते. कन्फेशनची (धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याची) जागा परिपूर्ण पश्चात्ताप घेतो. नरकाच्या भीतीने नव्हे, देवाच्या प्रेमापोटी झालेलं दुःख, आणि संधी मिळताच कन्फेशन करण्याचा निश्चय. ‘संधी मिळताच’ हा भाग अनेकजण सोयीने विसरतात.

मला त्यांचा युक्तिवाद अर्धाच पटतो. कलम 953 वाचणाऱ्याने 2261 ही वाचावं. ज्याच्यावर निकालाने बहिष्कार घातलेला नाही, अशा बहिष्कृत धर्मगुरूकडेही रास्त कारण असल्यास भाविक संस्कार मागू शकतो, असं ते सांगतं. शिवाय या वाटेचा शेवट फ्रान्समध्ये दिसलेला आहे. नेपोलियन आणि पोप यांच्यातला 1801 चा करार नाकारणाऱ्या ‘पेतित एग्लिझ’चे (‘छोट्या चर्च’चे) बिशप वारले, मग धर्मगुरूही संपले. त्यांच्यातली काही कुटुंबं आजही धर्मगुरूविना प्रार्थना करतात.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर वाद घालत बसू नका. एक काम आधी करा. मरणाचा धोका असताना कलम 882 कोणत्याही धर्मगुरूला पापक्षमेचा अधिकार देतं, आणि आजाऱ्याचं तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) धर्मगुरूशिवाय होत नाही. तेव्हा कोणाला बोलवायचं ते त्यांच्याच तोंडून आत्ताच ठरवून घ्या आणि त्या धर्मगुरूचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.