मेडिकल कॉलेजची पसंतीयादी: कटऑफच्या तक्त्यातून काय घ्यायचं, काय सोडायचं

मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घराघरांत एकच उद्योग सुरू होतो. मोबाइलवर कटऑफचे, म्हणजे कोणत्या कॉलेजात शेवटचा प्रवेश कितव्या नंबरला मिळाला याचे, तक्ते उघडायचे आणि आपला नंबर कुठे बसतो ते शोधायचं. त्याबद्दल आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

एका संकेतस्थळावर मुलीचे गुण टाकले तर सरकारी कॉलेज मिळेल असं दाखवतं, दुसऱ्यावर अजिबात नाही. खरं काय मानायचं? (पालक, भुसावळ)

दोन्ही बाजूला ठेवा. गुणांवरून अंदाज सांगणारा कोणताही तक्ता वापरू नका. ७२० पैकी मिळालेल्या गुणांची किंमत दरवर्षी बदलते आणि ती किती बदलते हे अलीकडच्या दोन निकालांत स्पष्ट दिसलं. २०२४ मध्ये ६५० च्या वर गुण असलेले विद्यार्थी हजारोंनी होते. २०२५ चा पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते आणि ६५० च्या वर शंभर जणही नव्हते. खुल्या गटाची पात्रतेची रेषासुद्धा १६२ वरून १४४ वर आली. म्हणजे २०२४ चे गुण घेऊन बसलेला तक्ता २०२५ च्या मुलाला विनाकारण रडवतो, आणि उलट वापरला तर खोटी आशा लावतो.

तुलना करायची ती ऑल इंडिया रँकची, म्हणजे देशभरातल्या क्रमांकाची. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या आणि जागा थोड्या पुढेमागे होतात, म्हणून रँकही अगदी तंतोतंत जुळत नाही. पण फरक गुणांइतका मोठा पडत नाही.

मग स्वतःची यादी नेमकी कशी करायची? (विद्यार्थी, शहादा)

मूळ कागदावरून करा, कोणाच्या तयार तक्त्यावरून नको. मूळ कागद तीन ठिकाणी मिळतात. राज्याच्या ८५ टक्के जागांचं अलॉटमेंट (जागावाटप) राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतं. सरकारी कॉलेजांतल्या राष्ट्रीय कोट्याच्या १५ टक्के जागा, एम्स आणि अभिमत विद्यापीठं केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे (एमसीसी) असतात. कोणत्या कॉलेजला यंदा किती जागांची परवानगी आहे, ते सुरू कधी झालं, सरकारी आहे की खाजगी, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) यादीत बघायचं.

गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या फेऱ्यांच्या पीडीएफ उतरवून घ्या. एक्सेल नसेल तर रेघी वही चालेल. रकाने एवढेच हवेत: कॉलेज, वर्ष, फेरी, कोटा, प्रवर्ग, शेवटची रँक. प्रत्येक कॉलेजसाठी आपल्या प्रवर्गातली शेवटची रँक लिहा आणि शेजारी खुल्या जागेवरची शेवटची रँकही लिहा. राखीव प्रवर्गातल्या मुलाला खुल्या जागेवरही प्रवेश मिळतो, आणि फक्त आपल्या प्रवर्गाची ओळ पाहणारे हा रकाना सोडून देतात.

चूक होते ती ‘शेवटची रँक’ उचलताना. एखाद्या सरकारी कॉलेजसमोर अचानक फारच मागची रँक दिसली तर हुरळून जाऊ नका. ती बहुधा दिव्यांग, माजी सैनिकांची मुलं किंवा अशाच एखाद्या विशेष आरक्षणाची जागा असते. मुलींच्या ३० टक्के जागांचा कटऑफही निराळा पडतो, त्यामुळे मुलानं मुलींच्या ओळीतला आकडा उचलू नये. आणि पहिल्या फेरीची रँक शेवटच्या फेरीच्या रँकशी कधीच मिसळू नका. वरची मुलं सरकत जातात तशा खालच्या जागा सुटत जातात, म्हणून शेवटच्या फेऱ्यांत कटऑफ खाली येतो, म्हणजे आणखी मागच्या रँकलाही जागा मिळते. अगदी अखेरच्या रिक्त जागांच्या फेरीत एका कॉलेजात एखाददुसरीच जागा असते, तिच्यावर हिशेब बांधता येत नाही.

आता तुमची रँक या वहीवर ठेवून पाहा. समजा, एका कॉलेजात तुमच्या प्रवर्गाची शेवटची रँक एका वर्षी ३०,००० आणि दुसऱ्या वर्षी ३४,००० होती. तुमची २८,००० असेल तर ते मिळण्यासारखं आहे. ३२,००० असेल तर होईल किंवा नाही. ३८,००० असेल तर नुसती इच्छा. तिन्ही प्रकारची कॉलेजं यादीत हवीतच.

माझ्याकडे २०१७ पासूनचे कटऑफ आहेत. सगळ्यांची सरासरी काढू का? (धुळे)

नको. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द केला. तोपर्यंत आपण ‘उर्वरित महाराष्ट्र’ विभागात मोडत होतो आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कॉलेजांत आपल्याला फक्त ३० टक्के जागांतून शिरकाव होता. त्यामुळे अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरचे त्याआधीचे आकडे आज निरुपयोगी आहेत. जळगावचं सरकारी कॉलेज २०१८ मध्ये आणि नंदुरबारचं २०२० मध्ये सुरू झालं. २०२४ मध्ये राज्यात आणखी दहा सरकारी कॉलेजांची भर पडली, त्यांत आपल्या शेजारचे बुलढाणा आणि नाशिक आहेत. त्याच वर्षी मराठा समाजासाठीचा एसईबीसी हा १० टक्के प्रवर्गही आला. २०२३ पर्यंतचे आकडे पाहायला हरकत नाही, पण निर्णय त्यानंतरच्यांवर घ्या.

आमचं गाव नवापूर तालुक्यात. मुलाची दहावी सुरतला झाली, बारावी नंदुरबारला. राज्याच्या यादीत नाव येईल ना? (पालक)

हे तक्ता उघडण्याआधीच तपासायला हवं. राज्य कोट्यासाठी अधिवास महाराष्ट्राचा लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण हवी. केंद्र सरकारी कर्मचारी, सैनिक अशा काहींच्या मुलांना सवलत आहे. ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दन्‌शब्द वाचा. सवलतीत बसत नसाल तर राज्य कोट्याचे कटऑफ तुमच्या कामाचे नाहीत. तुमची यादी मुख्यतः एमसीसीच्या आकड्यांवर करावी लागेल. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावून तिथल्याच शाळेतून बारावी दाखवणाऱ्यांचंही असंच होतं. मुलं अकरावीत असलेल्या घरांनी हे आताच लक्षात घ्यावं.

व्हीजे-ए प्रवर्ग आहे. एमसीसीच्या तक्त्यात ही ओळच सापडत नाही. (चाळीसगाव)

सापडणार नाही. व्हीजे (विमुक्त जाती), एनटी-बी, सी, डी (भटक्या जमाती) आणि एसईबीसी हे राज्याचे प्रवर्ग आहेत. एमसीसीकडे खुला, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ओबीसी, एससी आणि एसटी एवढेच आहेत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे ओबीसीची ओळ पाहा. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, राज्याचं चालत नाही. राज्याच्या फेरीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर मुलगा खुल्या गटात धरला जातो, आणि मग तुम्ही भरलेल्या वहीतला प्रवर्गाचा पूर्ण रकाना बाद होतो. सेतू केंद्राच्या आणि जात पडताळणी समितीच्या चकरा निकालाची वाट न पाहता सुरू करा.

रँक बेताची आहे. मुंबई-पुण्याची नावं वर टाकली तर जळगावची जागा हातची जाईल का? (अमळनेर)

जाणार नाही. संगणक तुमच्या रँकच्या क्रमानं तुमच्यापर्यंत येतो आणि तुमची यादी वरून खाली तपासतो. वरचं मिळत नसेल तर खालचं बघतो. वर काय लिहिलं म्हणून खालच्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. खरी चूक उलटी होते. मिळेल म्हणून कमी आवडीचं कॉलेज वर लिहिलं जातं, ते मिळून जातं, आणि त्यानंतरच्या फेरीत सरकायची वाट बंद होते. पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही तर काय होतं, हा नियम माहितीपुस्तिकेतून आधी वाचून ठेवा.

क्रम कटऑफवरून नव्हे, कॉलेजवरून लावा. जोडलेल्या रुग्णालयात खाटा आणि ओपीडी किती, पहिल्या वर्षापासून वसतिगृह आहे का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा. खाजगी कॉलेजचं शुल्क एजंटच्या तोंडून ऐकू नका, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते कॉलेजनिहाय दिलेलं असतं. आणखी एक रकाना वहीत हवा, बंधपत्राचा. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची सेवा द्यावी लागते, नाही दिली तर दंड १० लाख रुपये. राष्ट्रीय कोट्यातून दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथली मुदत आणि रक्कम वेगळी असते, ती पसंती भरण्याआधी लिहून घ्या.