समुद्र नाही, म्हणून कायदाही नाही?

प्रश्न : माझा भाचा नवी मुंबईत खारफुटी वाचवणाऱ्यांमध्ये आहे. तिथं भराव टाकला की लगेच तक्रार होते म्हणे. इथं आमच्या ओढ्यात शेजाऱ्यानं मुरूम टाकून पिकाची चार तासं (ओळी) वाढवली, आता पाणी आमच्या सोयाबीनमध्ये घुसतं. आपल्या ओढ्यांना कुणी वाली नाही का?
– एक शिक्षिका, गंगाखेड तालुका

उत्तर : ताई, किनाऱ्याला १९९१ पासून सागरी किनारा नियमनाची अधिसूचना आहे आणि २०१२ पासून वन विभागाचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष. पण खारफुटीतोडीला चाप बसला तो २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं, आणि तो आला 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप' ही संस्था कोर्टात गेली म्हणून. सरकारला आपसूक जाग आली नव्हती.

आपल्याकडं पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांवर फार विसंबू नका. त्यातून नदीपात्रं आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत; म्हणजे मराठवाड्यात उरलं काय! तुमच्या कामाचा कायदा जुनाच आहे. जमीन महसूल संहिता, १९६६. कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र सरकारी, आणि कलम ५० खाली सरकारी जागेवरचं अतिक्रमण काढता येतं.

आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. ओढा त्यात स्वतंत्र दाखवला असेल, तर निम्मं काम झालं. गटातूनच जात असेल तर शेजाऱ्याचा सातबारा बघा. 'पोटखराब वर्ग ब' (पोटखराब म्हणजे गटातली लागवडीबाहेरची जागा) ही नोंद सापडली, तर ती जागा सार्वजनिक वापराची. तिथं पीक घेता येत नाही. बांधावर भांडत बसण्यापेक्षा हे दोन कागद, ग्रामसभेचा ठराव आणि मोजणीची मागणी असा अर्ज तहसीलदारांकडं द्या. ठराव घ्याच, एकट्याच्या अर्जाला 'भावकीचं भांडण' म्हणून बाजूला सारतात.

एक मात्र सांभाळा. अतिक्रमण निघालं की कुणीतरी जेसीबी आणून ओढा सरळ करू म्हणेल. वळणं आणि काठची करंज राहू द्या. सरळ चरातलं पाणी वेगानं धावतं आणि खालच्या शेताचा काठ खातं.

आणि समुद्र नाही कसा? तुमच्या ओढ्याचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरालाच जातं. काकीनाड्याजवळचं कोरिंगाचं खारफुटीचं जंगल याच नदीच्या मुखाशी आहे. भाच्याला सांगा.

मोजणी पेरणीआधीच करून घ्या. उभ्या पिकात हद्दीच्या खुणा घालायला कुणी येत नाही.