जेम्स बाँडचं पिस्तूल नेमकं कोणतं? सगळ्या सिनेमांत एकच आहे का?

एकच नाही. पण ओळख म्हणाल तर वॉल्थर पीपीके. १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये बाँडचे वरिष्ठ एम साहेब त्याची लाडकी बेरेटा काढून घेतात (मागच्या कामगिरीत ती ऐन वेळी अडकली होती) आणि हातात वॉल्थर देतात. गंमत म्हणजे त्या प्रसंगात टेबलावर दिसतं ते पीपीके नाहीच, त्याचा थोडा मोठा भाऊ पीपी आहे. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं!

त्याच सिनेमातली खरी चूक मात्र पुढे आहे. खलनायकाचा माणूस प्रोफेसर डेंट अंधारात पलंगावर सहा गोळ्या झाडतो, नंतर पिस्तूल उचलून चाप ओढतो तर नुसतं खट्. बाँड थंडपणे सांगतो की हे स्मिथ अँड वेसन आहे, तुझ्या सहा गोळ्या संपल्या. नीट बघा, डेंटच्या हातात सायलेन्सर लावलेलं कोल्ट १९११ आहे. त्याच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या मावतात. शिवाय गोळ्या संपल्या की त्याची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे जाऊन अडकते, म्हणजे 'खट्' व्हायलाच नको. संवाद भारी आहे म्हणून आपण सोडून देतो, एवढंच.

१९९७ च्या 'टुमॉरो नेव्हर डाइज'मध्ये वॉल्थर पी९९ आलं. २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये पुन्हा जुन्याच घराण्यातलं पीपीके/एस, तेही फक्त बाँडचाच तळहात ओळखणारं.

आणि शॉन कॉनरीच्या त्या गाजलेल्या पोझमधलं लांब नळीचं पिस्तूल? ते साधं छऱ्यांचं, एअर पिस्तूल. २०१० मध्ये लिलावात पावणेतीन लाख पौंडांच्या वर गेलं.