टी (टेस्टोस्टेरॉन) सुरू केल्यावर कॅलरी कशा धरायच्या, ॲपमध्ये स्त्री टाकू की पुरुष?

हार्मोन घेणारी ट्रान्स मुलं-मुली मला हे नेहमी विचारतात. भुसावळकडचा एक 24 वर्षांचा मुलगा आलेला, टेस्टोस्टेरॉन सुरू होऊन काही महिने झालेले, वजन 58 चं 62 झालं म्हणून पार घाबरलेला. "ताई, भूक इतकी लागते ना, की जेवायचीच भीती वाटते." ॲपमध्ये स्त्री टाकायला जीव होत नव्हता पण पुरुष टाकलं तर जास्त खाल्लं जाईल, म्हणून मन मारून स्त्री टाकलं आणि त्यातूनही कापत कापत 1300 वर आला. डब्यात एक कळण्याची भाकरी आणि काकडी, बस्स, आणि दुकानात दिवसभर उभं राहायचं, मग चक्कर येणार नाही तर काय!

मी कागदावरच मांडून दाखवलं. बऱ्याच ॲपमध्ये 1990 चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र असतं. वजन गुणिले 10, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. त्याची उंची 160, म्हणजे आले 1500. पुरुषाला यात 5 मिळवतात, बाईला 161 वजा करतात. 1505 आणि 1339, फरक फक्त 166 चा, आणि हे नुसतं पडून राहायला लागतं तेवढंच. तो बघतच राहिला, "म्हणजे मी त्याच्याही खाली खात होतो?" हो रे बाबा.

उभ्याचं काम धरून दीडपट केलं की साधारण 2000 ते 2250. टीवर स्नायू हळूहळू वाढतात, वर्ष-दोन वर्षं बदल चालू असतात, त्यामुळे शरीर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असतं. आम्ही 2100 धरले. दोन-तीन आठवडे सकाळी उपाशीपोटी वजन, त्याची सरासरी, सोबत कमरेचं माप, आणि मग शे-दीडशे इकडे तिकडे. वाढलेले 4 किलो म्हणजे सगळी चरबी नाही, स्नायू आणि पाणीपण असतं त्यात. शेवभाजी मी बंद केली नाही, सोबत डाळ, अंडी, दही वाढवलं. चक्करचं मात्र डॉक्टरांना दाखवायलाच लावलं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि लिपिडची (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासणी टीवर तशीही लागतेच. वजनाच्या भीतीने डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका, प्लीज.

इस्ट्रोजेनवाल्या मुलींचं उलट, स्नायू कमी होतात म्हणून गरज थोडी खाली येते, पण तीही हळूहळूच, त्यामुळे पहिल्याच महिन्यात जेवण अर्ध्यावर आणू नका. आणि स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम दाबणारी गोळी) चालू असेल तर पोटॅशियम वाढू शकतं, आपल्या जळगाव-रावेरकडे केळी घरचीच, रोज भरपूर खाण्यात असतील तर डॉक्टरांना तसं सांगा, रक्त तपासून ते ठरवतील.