मलप्रभेच्या माशांत वैविध्य कमी: हिमयुगाचा परिणाम म्हणता येईल का?

खानापूर भागातल्या मलप्रभेतले मासे तपासले, जनुकीय वैविध्य कमी निघालं, हे हिमयुगामुळे का, असा तुमचा प्रश्न. थेट बर्फामुळे नाही. सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्याच.

बर्फामुळे वैविध्य घटण्याचं ते गणित कॅनडा आणि उत्तर युरोपचं. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी तिथल्या नद्या-तळी बर्फाखाली होती. मासे तगले ते बर्फाच्या कडेबाहेर: मिसिसिपीचं खोरं, अलास्काकडचा बेरिंजिया, अटलांटिक किनारा. बर्फ हटला तसे अगासिझसारख्या वितळपाण्याच्या अफाट सरोवरांतून ते उत्तरेला पसरले. दर टप्प्याला मोजकेच पुढे गेले, बाकीचे जनुकप्रकार मागेच राहिले. मात्र दोन आश्रयस्थानांतले वंश जिथे भेटले, तिथे वैविध्य उलट वाढलं. सेंट जॉन नदीच्या खोऱ्यातल्या काही तळ्यांत व्हाइटफिशचे बुटके आणि नेहमीचे असे दोन प्रकार एकत्र नांदतात, त्यामागे अशीच भेट आहे.

आपल्याकडे तेव्हा मान्सून मंदावला होता, समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. त्याचा फटका बसला असेलही. पण आधी पाणलोट बघा. मलप्रभा कणकुंबीहून पूर्वेला कृष्णेकडे जाते, म्हादई त्याच तालुक्यातून पश्चिमेला समुद्राकडे. मधली डोंगरधार माशाला ओलांडता येत नाही. घटप्रभा कृष्णेमार्फत मलप्रभेला जोडलेली, तरी गोकाकचा सुमारे ५२ मीटरचा धबधबा खालून वर येणाऱ्याला अडवतोच. म्हणून तुलनेला म्हादईचे आणि धबधब्याच्या वरचे-खालचे नमुने हवेतच.

दर ठिकाणी २५-३० मासे घ्या. एकाच जाळ्यातली पिल्लं नकोत, ती भावंडं निघतात आणि वैविध्य खोटंच कमी दिसतं. माशाच्या पराचा (पोहायच्या पंखाचा) छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. फॉर्मॅलिन वापरलंत तर डीएनए तुटतो. रोहू-कटला तर घेऊच नका: मुळात गंगेकडचे, इथे बीज सोडून वाढवलेले, त्यांच्यात कृष्णेचा इतिहास शोधायचा म्हणजे फुकटची मेहनत.

एकट्या सायटोक्रोम-बी या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकावर निकाल लावू नका, तो फक्त आईकडून येतो. जोडीला मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे आईवडील दोघांकडून येणारे डीएनएचे पुनरावृत्त तुकडे, बघा. जनुकप्रकारांच्या नात्यांचा आराखडा ताऱ्यासारखा, म्हणजे मधल्या एका प्रकारातून बाकीचे फुटलेले, असा निघाला तर मासे अलीकडे पसरले एवढंच कळतं, कारण कळत नाही.

नमुन्यांवर नुसतं ‘मलप्रभा’ लिहिलंय का? मलप्रभेवरच्या नवीलतीर्थ धरणाच्या वरचे की खालचे, हे आधी सांगा.